गाडी बदलण्याआधी फेऱ्या मोजा : सांगली-मिरजेची हवा सुधारायची तर सुरुवात कुठून करायची

विश्रामबागेतल्या आमच्या घराला दोन गॅलऱ्या आहेत. पुढची रस्त्यावर, मागची पेरूच्या झाडाकडे. मागच्या डिसेंबरात दोन्हींचे कठडे एकाच सकाळी पुसले आणि बरोबर आठ दिवसांनी पांढऱ्या ओल्या फडक्याने पुन्हा पुसून बघितले. मागचं फडकं मातकट निघालं, नळाखाली धरल्यावर साफ झालं. पुढचं काळं होतं आणि साबण लावूनही त्याचा चिकटपणा गेला नाही. मातकट ती धूळ. काळी चिकट ती काजळी, म्हणजे सायलेन्सरमधून येते ती, शिवाय झिजलेल्या टायरची भुकटी.

सांगलीचं नाव केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे, हे आपल्याकडे अजून बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. २०१९ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात हवेची ठरलेली मानकं सतत न पाळणारी शहरं घेतली गेली आणि महाराष्ट्रातल्या त्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर आपलंही शहर आलं. कारखान्यांचा धूर, पाचट जाळणं, बांधकामाची धूळ ही कारणं आहेतच. पण घरात बसून आपल्या हातात येण्यासारखं कारण एकच, आपली वाहनं. म्हणून हा लेख वाहनांपुरता.

एक गोष्ट आधीच सांगतो. हवा स्वच्छ करायची म्हटलं की माणूस थेट इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममध्ये जातो. मीही तेच केलं आणि फसलो. ती हकीकत पुढे येईल. क्रम उलटा हवा.

पहिलं काम : आकडे वाचायला शिका

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ नावाचं ॲप आहे. त्यात हवा गुणवत्ता निर्देशांक मिळतो. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट, त्यापुढे गंभीर. नुसता निर्देशांक बघू नका, तो कशामुळे वाढलाय ते बघा. पीएम म्हणजे हवेत तरंगणारे बारीक कण, पुढचा आकडा त्यांची मायक्रॉनमधली कमाल जाडी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पीएम १० असेल तर धुळीचा वाटा मोठा. पीएम २.५ असेल तर धुराचा, कुठलं तरी इंधन किंवा कचरा जळाल्याचा. आपल्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन, आणि पीएम २.५ चे कण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात.

आपल्या देशाचं मानक पीएम २.५ साठी वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर असं आहे, पीएम १० साठी ६०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस खाली आणून अनुक्रमे ५ आणि १५ केली. म्हणजे सरकारी मानकात बसलो तरी पेढे वाटण्यासारखं काही नाही.

दुसरं काम : वही करा (हे टाळू नका)

शंभर पानी वही घ्या, स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवा. सात दिवस घरातल्या प्रत्येकाने गाडी काढली की चार गोष्टी लिहायच्या : कुठे, किती किलोमीटर, कोणती गाडी, कशासाठी. बस. पहिले दोन दिवस सगळे वैतागतात. आमच्याकडे मुलाने ‘कोथिंबीर, ७०० मीटर, स्कूटर’ असं लिहिलं आणि स्वतःच हसला.

घरात आम्ही चार माणसं, दोन स्कूटर, एक जुनी डिझेल मोटार. आठवड्याच्या फेऱ्या निघाल्या ४६, आणि त्यातल्या २९ तीन किलोमीटरच्या आतल्या. दूध, क्लास, भाजी, औषध, देऊळ, इस्त्री, आणि ‘विसरलो म्हणून परत’. तुमच्या वहीतही फार वेगळं निघणार नाही. सांगली पसरलेली असली तरी आपली रोजची कामं एका पेठेच्या घेरात असतात.

या छोट्या फेऱ्याच सगळ्यात घाण असतात, आणि त्याचं कारण इंजिनात आहे. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सायलेन्सरच्या नळीत बसवलेला असतो, पण तो साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सियस तापल्याशिवाय नीट काम करत नाही. थंड इंजिनात इंधनही जास्त जातं. म्हणजे सकाळी गाडी काढून दुधाच्या डेअरीपर्यंत गेलात, तर कन्व्हर्टर तापायच्या आत फेरी संपते. दहा किलोमीटरच्या एका फेरीपेक्षा एकेक किलोमीटरच्या दहा फेऱ्या हवेला कितीतरी जड जातात. बीएस-६, म्हणजे धुराच्या सध्याच्या कडक नियमांत बसणारी, गाडी असली म्हणून यातून सुटका नाही.

सात दिवस झाले की वहीत तीन रंगांच्या खुणा करा. दीड किलोमीटरच्या आतलं हिरवं, चारच्या आतलं पिवळं, त्यापुढचं लाल. पुढची सगळी कामं याच रंगांवर चालतात.

हिरव्या फेऱ्या पायी, पिवळ्या सायकलवर

हिरव्याबद्दल फार सांगायची गरज नाही. पिशवी घ्या आणि निघा. फक्त मुख्य रस्ता टाळा. धुराचं प्रमाण वाहत्या रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर आत गेलं की झपाट्याने उतरतं. त्यामुळे शंभर फुटी रोडच्या कडेने चालण्यापेक्षा मागच्या गल्लीतून चालणं केव्हाही बरं, दोन मिनिटं जास्त लागली तरी.

सायकलवर मात्र थांबायला हवं. सांगली कृष्णाकाठची, सपाट. सायकलला इतकं सोयीचं गाव असूनही आपण तिला कॉलेजबरोबर सोडून दिलं. चार किलोमीटरला आरामात पाय मारत सोळा ते वीस मिनिटं लागतात. विश्रामबागेतून गणपती पेठेत संध्याकाळी सहा वाजता मोटार घेऊन जाऊन बघा आणि पार्किंग शोधण्याचा वेळ त्यात धरा, म्हणजे हिशेब कळेल.

नवी सायकल लगेच घेऊ नका. माळ्यावरची उतरवा. सायकलवाल्याकडे सांगायची कामं ही : दोन्ही ट्यूब तपासणे, ब्रेकचे रबर बदलणे, चेन रॉकेलने धुऊन तेल देणे, चाकाचा बाक काढणे. सीटची उंची स्वतः लावा. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय जवळपास सरळ व्हायला हवा. आपल्याकडे नव्वद टक्के लोक सीट खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. (नव्वद टक्के हा माझा अंदाज, पण कोणत्याही चौकात उभं राहून खात्री करा.)

मागे कॅरियर आणि पुढे बास्केट हवंच, नाहीतर भाजीच्या दिवशी स्कूटरची किल्ली हातात येते. मागचा लाल दिवा लुकलुकणारा घ्या. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात आणि मागच्या ट्रॉलीच्या चालीचा भरवसा खुद्द ड्रायव्हरलाही नसतो. त्यांच्या डाव्या बाजूने कधीच पुढे जायचं नाही.

लाल फेऱ्या : एसटी, वडाप आणि वाटून घेतलेली गाडी

सांगली-मिरज ही आपली सगळ्यात मोठी रोजची ये-जा. कुणी दवाखान्यात, कुणी जंक्शनवर, कुणी कॉलेजात. आपल्याकडची शहरी बससेवा एसटी महामंडळ चालवतं. तिच्याबद्दल तक्रारी खूप आहेत आणि बऱ्याचशा खऱ्या आहेत. तरीही एक बस भरून गेली की चाळीस दुचाक्या रस्त्यावर येत नाहीत.

रोज जाणाऱ्याने पासचा हिशेब नक्की करावा. एसटीच्या मासिक पासला २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास मिळतो, त्रैमासिक पासला ५० दिवसांचं भाडं भरून ९० दिवस. तासगाव, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), जयसिंगपूर अशा बाहेरगावच्या गाड्यांना महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. या भाड्यात कुठलीही दुचाकी परवडत नाही.

वडापला, म्हणजे माणसं भरून चालणाऱ्या खासगी गाड्यांना, आपण नाकं मुरडतो, पण भरलेला वडाप रिक्षा माणशी धुराच्या हिशेबाने रिकाम्या मोटारीपेक्षा चांगला. फक्त निळसर धूर सोडणारी रिक्षा असेल तर बसू नका, आणि का बसत नाही ते चालकाला सांगा. वाईट वाटून का होईना, चार जणांनी सांगितलं की तो इंजिन बघतो.

केंद्राच्या २०२३ मधल्या पीएम ई-बस सेवा योजनेत आपल्या महापालिकेचाही समावेश आहे. त्या बस कोणत्या मार्गावर, किती मिनिटांनी धावणार, यासाठी मागणी आताच केली पाहिजे. ती कशी करायची ते पुढे.

आहे ती गाडी नीट करा

सगळ्यांना नवी गाडी घेता येत नाही, घ्यावीही लागत नाही. आधी धुराचा रंग बघा. काळा धूर म्हणजे इंधन पुरतं जळत नाही : एअर फिल्टर तुंबलाय किंवा इंजेक्टर, कार्बोरेटर बिघडलाय. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलं असणार. दाट पांढरा धूर इंजिन तापल्यावरही टिकला तर कूलंट आत जातंय. थंडीत सुरुवातीला दिसणारी वाफ वेगळी, तिची काळजी नको.

एअर फिल्टर हे आपल्याकडचं खरं दुखणं. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली मुदत चांगल्या रस्त्यांसाठी असते. मार्केट यार्डाकडे किंवा कुपवाड एमआयडीसीकडे रोज जाणाऱ्याने निम्म्या मुदतीत तो उघडून बघावा. माझ्या स्कूटरचा फिल्टर काढला तेव्हा मेकॅनिकने तो फरशीवर आपटला आणि खाली चक्क हळदीसारखी पिवळट माती पडली. दोन-अडीचशे रुपयांचा नवा बसवला, तर लिटरमागे तीन-चार किलोमीटर वाढले.

टायरमधली हवा पंधरा दिवसांनी, तीही टायर थंड असताना. कमी हवेवर इंधन जास्त जळतं आणि टायरही झिजतो.

पीयूसी हा कागद विकत घ्यायचा प्रकार नाही. एका ठिकाणी नळी सायलेन्सरमध्ये न घालताच माझ्या हातात प्रमाणपत्र ठेवलं होतं. मी परत दिलं आणि दुसरीकडे तपासून घेतलं. तुम्हीही नळी आत गेल्याशिवाय पैसे देऊ नका. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना प्रमाणपत्र वर्षभर चालतं, जुन्यांना सहा महिने. नवी गाडी असेल तर पहिल्या वर्षानंतर. नसल्यास दंड दहा हजारांपर्यंत जातो, हे वेगळं सांगायला नको.

फाटक पडलं किंवा सिग्नल लांबला की इंजिन बंद करा. आपल्याकडे ‘परत चालू करायला जास्त पेट्रोल लागतं’ ही समजूत कार्बोरेटरच्या काळातली आहे. आताच्या फ्युएल इंजेक्शन गाड्यांना दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करणंच स्वस्त. शाळा सुटायच्या वेळी गेटसमोर एसी लावून उभ्या असलेल्या मोटारी बघा. त्यांच्या सायलेन्सरची उंची आणि पहिलीतल्या पोराच्या नाकाची उंची यात फारसा फरक नसतो.

डिझेल मोटारवाल्यांसाठी वेगळी सूचना. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी धरणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो साचलेली काजळी स्वतः जाळून टाकतो, पण त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत, बऱ्या वेगात गाडी चालावी लागते. नुसती विश्रामबाग ते मारुती चौक अशी चालवाल तर तो तुंबणार आणि खर्च हजारोंत जाणार. डिझेल लांबच्या प्रवासाला ठेवा, गावात काढूच नका.

आता, इथे येऊन, नवी गाडी

माझी फसगत अशी. वही-बिही न करता एक स्वस्तातली मंद वेगाची इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. लायसन्स नको, नोंदणी नको, याचाच मोह. त्यात लेड ॲसिड बॅटरी होती. चौदा महिन्यांत पल्ला साठवरून अठरावर आला, आणि विकणाऱ्याचं दुकान तोवर मोबाइल कव्हरचं झालं होतं. तेव्हा विचारायचे प्रश्न असे : बॅटरी लिथियम आहे का, कोणती? एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची उष्णता चांगली सोसते आणि जास्त चार्जिंग-फेऱ्या टिकते, आपल्या एप्रिल-मेला हे महत्त्वाचं. वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर, आणि किती टक्के क्षमतेपर्यंत? सर्व्हिस सेंटर सांगलीत आहे की कोल्हापूरला गाडी टेम्पोत घालून न्यायची?

पैशांचा हिशेब साधा आहे. रोज २० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ५०० किलोमीटर. पेट्रोल स्कूटर ४५ चं मायलेज देत असेल तर ११ लिटर, म्हणजे शंभर रुपयांच्या वरच्या भावाने अकराशे-बाराशे रुपये. इलेक्ट्रिक स्कूटरला शंभर किलोमीटरला साधारण ३ युनिट. चार्जिंगमधली गळती धरून महिन्याला १८ युनिट. महावितरणच्या बिलात हे युनिट तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात पडतात, म्हणून दर चढाच धरा. तरी दोनशे-अडीचशेच्या पुढे जात नाही. मात्र तुमच्या वहीत लाल फेऱ्याच कमी असतील तर स्कूटर बदलून जी बचत होईल ती जुनी सायकल आधीच करून देतेय.

चार्जिंगसाठी पार्किंगमध्ये वेगळी वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा). अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, ‘आहे की’ यावर विश्वास ठेवू नका. खिडकीतून एक्स्टेंशन सोडून चार्जिंग करणं बंद.

आणि हे फक्त सांगलीकरांसाठी : सॉकेट कमरेच्या वर लावा. २००५, २०१९, २०२१. ज्यांच्या पार्किंगमध्ये कृष्णा येऊन गेली त्यांना कारण विचारायची गरज नाही. आयपी-६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. दोन दिवस पुरात उभं राहण्याची नव्हे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट. पाणी तिथे पोचलं की इलेक्ट्रिक गाडी आधी उंचावर हलवायची. बुडालीच तर चालूही करायची नाही, चार्जिंगलाही लावायची नाही, घरापासून लांब मोकळ्या जागी ठेवून सर्व्हिसवाल्याला बोलवायचं. ओली बॅटरी दोन-चार दिवसांनीही पेट घेऊ शकते.

वीज कोळशाचीच ना, असं कट्ट्यावर कुणीतरी म्हणणार. बरोबर आहे, महाराष्ट्राची बरीच वीज कोळशावर होते आणि तो धूर चंद्रपूर-कोराडीकडच्या लोकांच्या वाट्याला येतो. म्हणून जमत असेल तर छतावर सौर पॅनेल. एक किलोवॉट दिवसाला सरासरी ४ युनिट देतो, म्हणजे स्कूटरचे शंभरावर किलोमीटर. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट आणि पुढे ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे.

रिक्षावाल्यांना सीएनजी हा मधला चांगला मार्ग. डिझेलच्या मानाने काजळी जवळपास नाहीच. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करायची असते, ती चुकवू नका.

गल्लीच्या वतीने अर्ज

एकट्याच्या सायकलने पुढच्या गॅलरीचं फडकं पांढरं होणार नाही. रस्त्यावरची माती गाड्यांनी उडते आणि पीएम १० वाढवते. रस्त्याची कड पक्की करणं, खड्डे बुजवणं, पाणी मारून झाडणं, फूटपाथ मोकळे ठेवणं ही महापालिकेची कामं, आणि स्वच्छ हवा कार्यक्रमाचा निधी यासाठीच असतो.

अर्ज ‘आयुक्त, सांगली मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका’ या नावाने. ‘प्रदूषण वाढले आहे, योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहिलंत तर योग्य ती कार्यवाही म्हणजे काहीच नाही. एका अर्जात एकच जागा, एकच मागणी : अमुक चौक ते अमुक शाळा, कडेला इतके फूट माती, सकाळी साडेनऊचा फोटो, पंधरा जणांच्या सह्या. बसची मागणी असेल तर मार्ग, वेळ आणि रोज जाणाऱ्यांची संख्या. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

महिनाभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. शुल्क दहा रुपये, विषय एक, मजकूर १५० शब्दांत, उत्तराची मुदत ३० दिवस. तक्रार करू नका, माहिती मागा : माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय शेरा पडला, आणि स्वच्छ हवा कार्यक्रमाचा निधी आमच्या प्रभागात कोणत्या कामावर खर्च झाला.

पुन्हा वही

सहा महिन्यांनी परत सात दिवस वही लिहा. आमच्या २९ छोट्या फेऱ्यांपैकी आता गाडीवर ११ उरल्यात. त्यातल्या पाच माझ्या आईच्या, गुडघ्यांमुळे, आणि त्या तशाच राहणार.

कठड्याची परीक्षा मात्र सहा महिन्यांनी घेऊ नका. जुलैत पाऊस हवा धुऊन काढतो, तेव्हा फडकं सगळ्यांचंच पांढरं निघतं. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही, धूर खालीच कोंडतो, त्यात कारखाने सुरू झालेले असतात. डिसेंबरची तुलना डिसेंबरशीच. पुढच्या गॅलरीचं ते पहिलं फडकं मी टाकलेलं नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत तारीख लिहून ठेवलंय.